डॉन क्विक्झोटला कोण हसले?

स्पेनचा राजा तिसरा फिलिप याच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. राजवाड्याच्या सज्जात तो उभा असता मांझानारेस नदीच्या काठी बसलेला एक विद्यार्थी त्याच्या दृष्टीस पडला. विद्यार्थ्याच्या हाती पुस्तक होते. वाचता वाचता तो मध्येच थांबे, कपाळावर हात मारून घेई आणि पोट धरून हसत सुटे. राजा म्हणाला की, हा पोरगा एक तर वेडा असला पाहिजे, नाही तर तो 'डॉन क्विक्झोट' वाचीत असला पाहिजे. हुजरे धावत गेले आणि महाराजांचा दुसरा तर्क बरोबर असल्याची वर्दी घेऊन परत आले.

त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी जर्मनीतील ड्युसेलडोर्फ शहरच्या राजोद्यानात एक लहान मुलगा हेच पुस्तक घेऊन बसला होता. नुकतेच वाचावयास शिकलेले ते पोर एकेक शब्द मोठ्याने उच्चारीत होते, आणि त्यामुळे झाडे, पाखरे व ओढा यांनाही सारी कथा ऐकू जात होती. शूर सरदार मार खाऊन पडला की मुलाच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाही. यात थट्टा आहे, उपरोध आहे, हे त्या निष्पाप जिवाला ठाऊकच नव्हते. हा मुलगा म्हणजे पुढे कवी म्हणून नावारूपास आलेला हाइन्रिख हाइने. १८३७ साली या कादंबरीच्या जर्मन आवृत्तीस त्याने प्रस्तावना लिहिली, तीत ही आठवण त्यानेच सांगितली आहे.

पुस्तक एकच. एका वाचकाला हसू आवरत नाही, दुसऱ्याला रडू आवरत नाही. या दोघांपैकी बरोबर वाचले कोणी? हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. गेली दोन शतके युरोपातील भलेभले पंडित याच प्रश्नावर हमरीतुमरीवर आलेले आहेत, आणि तो मिटला असे आजही म्हणवत नाही.

आपल्याकडे ही कथा बहुतेकांच्या वाट्याला येते ती मुलांसाठी केलेल्या एखाद्या संक्षिप्त आवृत्तीतून, आणि तीही पवनचक्क्यांपाशी येऊन थांबते. म्हणून थोडे मूळ कथानक सांगणे भाग आहे. स्पेनमधील ला मांचा प्रांतातील एका आडगावी पन्नाशीच्या घरातला एक खानदानी पण खंक गृहस्थ राहत असे. त्याला वाचनाचे व्यसन. आणि वाचन तरी कसले, तर जुन्या सरदारांच्या अचाट पराक्रमांच्या अद्भुत कथांचे. त्या पोथ्या विकत घेण्यासाठी त्याने शेतजमिनीचे तुकडे विकले. रात्रीचा दिवस केला. अखेर मेंदू सुकून गेला आणि आपणही जुना सरदार होऊन जगातला अन्याय निवारावा, असे त्याने घेतले. पणजोबांच्या वेळचे गंजके चिलखत घासून पुसून अंगावर चढविले, हाडे निघालेल्या घोड्याला 'रोसिनान्ते' असे भारदस्त नाव दिले, शेजारच्या गावातील एका शेतकऱ्याच्या मुलीला मनोमन राजकन्या दुल्सिनेआ ठरविले, आणि स्वतःचे नाव ठेवले डॉन क्विक्झोट. (स्पॅनिश लोक याचा उच्चार 'दोन किहोते' असा करतात, पण आपल्या तोंडी इंग्रजीच्या वाटेने आलेले नाव बसले आहे, तेच येथे चालू ठेवतो.) बरोबर घेतला सांचो पांझा, गाढवावर बसणारा, खाण्यापिण्याचा शोकी, वाक्यागणिक म्हण फेकणारा शेजारचा शेतकरी. त्याला एका बेटाचे राज्य देण्याचे वचन दिलेले होते.

पुढे जे होते ते म्हणजे मार. चक्क्यांच्या पात्यांचा मार, खेचरवाल्यांचा मार, मेंढपाळांच्या गोफणगुंड्यांचा मार. दात पडतात, बरगड्या मोडतात, कान तुटतो. प्रत्येक वेळी हा म्हणतो की दुष्ट जादूगाराने ऐन वेळी राक्षसांच्या पवनचक्क्या केल्या.

हे लिहिणारा मिगेल दे सर्व्हांटेस सुखात लोळणारा इसम नव्हता. त्याचा जन्म १५४७ चा. १५७१ च्या लेपान्तोच्या आरमारी लढाईत त्याच्या छातीत गोळ्या शिरल्या आणि डावा हात कायमचा निकामी झाला. १५७५ साली मायदेशी परतताना चाच्यांनी त्याला धरून अल्जिअर्सला नेले. तेथे पाच वर्षे तो गुलाम होता. चार वेळा पळून जाण्याचे त्याचे प्रयत्न फसले. खंडणी भरून सुटका झाल्यावर सरकारने या वीराला काय दिले, तर आरमारासाठी खेड्यापाड्यांतून गहू आणि तेल गोळा करण्याची नोकरी. पुढे करवसुलीच्या हिशेबात घोटाळा निघून १५९७ साली सेव्हिलच्या तुरुंगात रवानगी. कादंबरीचा पहिला भाग १६०५ मध्ये निघाला तेव्हा त्याचे वय सत्तावन्न. म्हणजे कालबाह्य शौर्याची फजिती रंगविणारा हा माणूस स्वतः शौर्य करून पस्तावलेला होता. हे ध्यानात ठेवलेले बरे. मात्र एवढ्यावरून लगेच रडावयास बसण्याचे कारण नाही.

कारण सर्व्हांटेसच्या काळचे लोक रडले नाहीत. पुस्तक निघाल्यावर काही महिन्यांतच लिस्बनमध्ये त्याच्या चोरट्या आवृत्त्या निघाल्या. त्याच वर्षी व्हायादोलिद येथील उत्सवात क्विक्झोट व सांचो यांची सोंगे निघाली, आणि १६०७ मध्ये तर सातासमुद्रापलीकडे, पेरूतील पाउसा नावाच्या डोंगराळ गावी, सोंगांच्या मिरवणुकीत आमचा हा मरतुकडा सरदार घोड्यावर बसून अवतरला. आपल्याकडे शिमग्याच्या सोंगात एखाद्याने जाऊन बसावे, तसाच तो लोकांच्या हास्यात जाऊन बसला होता. लेखकानेही प्रस्तावनेत आपला हेतू लपविलेला नाही. खिन्न माणसाला हसू यावे आणि हसऱ्याचे हसू वाढावे, अशा आशयाचा सल्ला त्याचा मित्र त्याला तेथे देतो.

मग अश्रू आले कोठून? ते आणले एकोणिसाव्या शतकाने. जर्मन रोमँटिक विचारवंतांना या वेड्यात आदर्श आणि वास्तव यांचे सनातन भांडण दिसू लागले. बायरनने १८२३ मध्ये आपल्या 'डॉन जुआन' काव्यात तक्रार केली की, या हास्याने स्पेनची शौर्यपरंपराच संपविली. दोस्तोयेव्हस्कीला १८७७ मध्ये हे मानवजातीचे अत्यंत विषण्ण पुस्तक वाटले. आणि खुद्द स्पेनमध्ये १८९८ साली क्यूबा, पोर्तो रिको आणि फिलिपाइन्स हातचे गेले, साम्राज्याचा उरलासुरला डोलारा कोसळला, तेव्हा हरलेल्या राष्ट्राला या हरलेल्या सरदारात आपला चेहरा दिसला. कादंबरीच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, १९०५ मध्ये, उनामुनो या तत्त्वज्ञाने क्विक्झोट आणि सांचो यांच्या चरित्रावर ग्रंथ लिहिला आणि सरदाराला जवळजवळ संतपदावर नेऊन बसविले. त्याच्या लेखी सर्व्हांटेस हा गौण, त्याला आपल्या नायकाची थोरवी पुरती कळलेलीच नव्हती! टीकाकाराने लेखकालाच त्याच्या घरातून बाहेर काढावे, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे सांगता येणार नाही.

याची उलट बाजू विसाव्या शतकात पुढे आली. एरिख आउअरबाख या जर्मन पंडिताने १९४६ च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात सर्व्हांटेसवर प्रकरण घातले नव्हते. ते स्पॅनिश भाषांतराच्या वेळी मागाहून जोडले. त्याचे म्हणणे असे की, या वेडामुळे जगाच्या व्यवस्थेला कोठेही तडा जात नाही. सारा खेळ आनंदाचा आहे, त्यात शोकांतिका शोधू नका. १९६९ मध्ये रसेल नावाच्या इंग्रज अभ्यासकाने तर लेखाच्या शीर्षकातच हे पुस्तक विनोदी असल्याचे बजावले. सतराव्या शतकात वेड हा हसण्याचा मान्य विषय होता, आजची कणव त्या वाचकांच्या माथी मारू नये, हा त्याचा मुद्दा. अँथनी क्लोजने १९७८ मध्ये रोमँटिक वाचनाची सारी वंशावळच उलगडून दाखविली. रशियातील बाख्तिन याचा राब्लेवरील ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने सांचोच्या सुटलेल्या पोटात जत्रेतले जुने, सर्वांना सामावून घेणारे, धन्याला जमिनीवर आणणारे लोकहास्य ऐकले.

यांच्यामध्ये एक विक्षिप्त आवाज आहे तो नाबोकोव्हचा. १९५२ साली हार्वर्डमध्ये त्याने या कादंबरीवर व्याख्याने दिली. ती पुस्तकरूपाने १९८३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, निघाली. नाबोकोव्हला हे पुस्तक आनंदी मुळीच वाटले नाही. त्याला ते क्रौर्याचा कोश वाटले. मात्र हा मनुष्य भारी चिकित्सक. सरदार सदैव हरतो, ही समजूत त्याने तपासून पाहावयाची ठरविली आणि टेनिसच्या सामन्यासारखे गुण मांडून चाळीस झटापटींचा हिशेब केला. निघाले काय, तर वीस विजय आणि वीस पराभव! बरोबरी. आपण सारे हरलेल्या क्विक्झोटला हसतो किंवा हरलेल्या क्विक्झोटसाठी रडतो. आणि तो तर निम्म्या वेळा जिंकलेला असतो. दोन्ही पक्षांनी पुस्तक नीट वाचावे, असा टोला यात आहे.

नीट वाचावे म्हणजे काय, याचे एक उदाहरण देतो. पहिल्या भागाच्या आरंभी आंद्रेस नावाच्या गुराख्याच्या पोराला त्याचा धनी झाडाला बांधून पट्ट्याने फोडीत असतो. नऊ महिन्यांचा पगार थकलेला आहे. क्विक्झोट मध्ये पडतो, धन्याकडून पैसे देण्याची शपथ घेतो आणि आपला पहिला अन्याय निवारण झाला या आनंदात निघून जातो. त्याची पाठ वळताच धनी पोराला पुन्हा बांधतो आणि पहिल्याहून दुप्पट मारतो. येथवर हसू येते, कबूल आहे. पण सर्व्हांटेस हा धागा सोडीत नाही. सत्तावीस प्रकरणांनंतर आंद्रेस पुन्हा वाटेत भेटतो. सरदार मोठ्या अभिमानाने मंडळींसमोर त्याला साक्षीला उभा करतो, आणि पोरगा सांगतो की, पुन्हा मला कोणी चिरून टाकताना दिसले तरी मदतीला येऊ नका. क्विक्झोट शरमेने खाली पाहतो. आणि येथे लेखक एक साधे वाक्य घालतो. त्याचा आशय असा की, त्याची शरम आणखी वाढू नये म्हणून बाकीच्यांना हसू दाबण्याची फार काळजी घ्यावी लागली.

मला वाटते, साऱ्या वादाची किल्ली या दाबलेल्या हसण्यात आहे. मंडळींना हसू आलेले आहे. ते खोटे नाही. पण ते कोणत्या क्षणी, कोणाच्या तोंडावर बाहेर पडावे याचे भान त्यांना आहे. सर्व्हांटेस हास्याला मज्जाव करीत नाही. हसणाऱ्याची परीक्षा घेतो.

हसणाऱ्याची परीक्षा ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. वर्गात रससिद्धांत शिकविताना आम्ही अध्यापक शृंगाराला आठ तास देतो आणि हास्याला एक, तोही घंटा होण्याच्या बेताला. परंतु भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार केले ते हास्याच्या विषयावरून केलेले नाहीत. कोणाला हसले याचा तेथे हिशेब नाही. कोण कसे हसले याचा आहे. स्मित आणि हसित हे उत्तम प्रकृतीच्या माणसाचे, विहसित आणि उपहसित मध्यमाचे, अपहसित आणि अतिहसित अधमाचे. नको त्या ठिकाणी हसणे हे अपहसित. डोळ्यांत पाणी येईतो कुशी दाबून मोठ्याने हसणे हे अतिहसित. या मोजपट्टीने नदीकाठच्या त्या विद्यार्थ्याची गणना अधमांत करावी लागेल. बिचारा! एकटाच तर बसला होता. त्याला एवढी शिक्षा मी तरी देणार नाही.

याहून उपयोगी आहे अभिनवगुप्ताचा विचार. भरताने शृंगारातून हास्य निघते असे म्हटले. सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मिरात बसून लिहिणाऱ्या अभिनवगुप्ताने ते सूत्र पुष्कळ रुंद केले. कोणत्याही रसाचा आभास झाला, म्हणजे भाव अस्थानी पडला, की त्यातून हास्य उत्पन्न होते. रावणाचे सीतेवरील प्रेम त्याच्या दृष्टीने खरे आहे, पण पाहणाऱ्याला तो शृंगाराभास आहे. तसाच क्विक्झोटचा वीररस. उत्साह अस्सल आहे, धैर्य अस्सल आहे; समोर राक्षस नाहीत एवढेच उणे. म्हणून आउअरबाख आणि उनामुनो या दोघांचेही अर्धेअर्धे खरे. भाव खरा म्हणून पोटात कालवते, स्थान चुकले म्हणून हसू येते. दोन्ही एकाच वेळी होऊ शकते हे मानावयास एकही पक्ष तयार नाही, इतकेच.

आणि योगायोग पाहा. १९३५ ते १९३७ या काळात त्याच काश्मिरात नित्यानंद शास्त्री आणि जगद्धर जाडू या दोन पंडितांनी 'डॉन क्विक्झोट'च्या पहिल्या भागातील आठ प्रकरणे संस्कृतात उतरविली. बॉस्टनचा कार्ल टिल्डन केलर नावाचा एक हौशी संग्राहक या कादंबरीची निरनिराळ्या भाषांतील भाषांतरे जमवीत असे. त्याच्यासाठी सुप्रसिद्ध संशोधक ऑरेल स्टाइन यांनी ही कामगिरी आपल्या जुन्या स्नेह्यांकडे सोपविली. पंडितांना स्पॅनिश येत नव्हते. त्यांनी जार्व्हिसच्या इंग्रजी भाषांतरावरून काम केले. हस्तलिखित हार्वर्डच्या ग्रंथालयात पडून राहिले. ते द्रागोमिर दिमित्रोव्ह यांनी संपादून २०१९ मध्ये प्रसिद्ध केले, आणि ते निघाले कोठून, तर आमच्या पुण्याच्या विद्यापीठातील पाली विभागाच्या ग्रंथमालेतून. ज्या मातीत हास्याची ती व्याख्या झाली, त्याच मातीत हा वीराभासाचा महानायक गीर्वाणवाणी बोलू लागला! ज्यांना संस्कृत येते त्यांनी ते पुस्तक अवश्य पाहावे.

पण हसणाऱ्याची खरी परीक्षा दुसऱ्या भागात आहे, आणि तो भाग फारसा कोणी वाचीत नाही. तो १६१५ मध्ये निघाला. मधल्या काळात, १६१४ साली, आवेल्यानेदा असे टोपणनाव घेतलेल्या कोणी तरी बनावट दुसरा भाग छापून सर्व्हांटेसला म्हातारा आणि थोटा म्हणून हिणवले होते. हसण्याचा विषय होणे म्हणजे काय, हे लेखकाने आता स्वतः अनुभवले होते.

या भागात एक सरदार-दांपत्य भेटते, ड्यूक आणि डचेस. त्यांनी पहिला भाग वाचलेला आहे! म्हणजे ते तुमच्याआमच्यासारखे वाचक आहेत. हसणारे वाचक. आणि पुस्तकातले पात्र जिवंत हाती लागल्यावर ते काय करतात? गडगंज पैसा, नोकरचाकर आणि रिकामा वेळ खर्चून त्याची थट्टा उभी करतात. त्याला लाकडी घोड्यावर डोळे बांधून आकाशातून फिरविल्याचे सोंग करतात. दुल्सिनेआवरचा जादूटोणा उतरविण्यासाठी सांचोने स्वतःला तीन हजार तीनशे फटके मारून घ्यावेत असे ठरवितात. रात्री खिडकीतून मांजरांचे पोते सोडतात. एक मांजर म्हाताऱ्याच्या नाकाला लोंबकळते आणि तो पाच दिवस अंथरुणाला खिळतो. नाबोकोव्हला क्रौर्य दिसले ते मुख्यतः येथे. त्याचे चुकले इतकेच की, हे क्रौर्य लेखकाचे आहे असे त्याला वाटले. सर्व्हांटेसने तर या दांपत्याचा निकाल स्पष्ट लावला आहे: दोन वेड्यांची थट्टा करण्यासाठी इतका आटापिटा करणारी ही माणसे स्वतः वेडी ठरण्यापासून दोनच बोटे दूर होती, असा त्याच्या कथेतील इतिहासकाराचा अभिप्राय आहे.

सांचोला कबूल केलेले बेटही हेच लोक देतात, अर्थात फजितीसाठी. ते बेट नव्हेच. जमिनीवरचे एक गाव. हा अडाणी गडी न्यायनिवाडे करताना तोंडघशी पडेल, अशी सर्वांची खात्री. पण तो आपल्या म्हणी आणि व्यवहारज्ञान यांच्या जोरावर असे निवाडे करतो की, मस्करीला जमलेले लोक चाट पडतात. शेवटी खोट्या हल्ल्याचे सोंग करून, दोन ढालींमध्ये आवळून, त्याला रात्री पायदळी तुडवितात. सकाळी सांचो निमूटपणे तबेल्यात जातो, आपल्या गाढवाला मिठी मारतो, त्याच्यावर खोगीर चढवितो आणि राज्य सोडून निघतो. मागतो काय, तर गाढवासाठी थोडे जव आणि स्वतःसाठी अर्धे चीज व अर्धी भाकरी. ज्यांनी थट्टा केली त्यांनाच ती फार जड झाल्याचे वाईट वाटू लागते. या प्रसंगी वाचकाचे हसू त्याच्या ओठांवरच सुकते, आणि तरी लेखकाने एकही रडका शब्द वापरलेला नसतो.

आपल्या चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावांशी याची तुलना करण्याचा मोह होतो. जोडी पाहून ती पुष्कळांना सुचतेही. पण चिमणराव आपली फजिती आपणच सांगतात. दुसऱ्याने हसण्यापूर्वी स्वतः हसून घेतात आणि म्हणून सुरक्षित राहतात. क्विक्झोटला स्वतःला हसता येत नाही. त्याचे हसू सर्वस्वी दुसऱ्यांच्या हाती आहे, आणि म्हणून ते हात कसे आहेत हा प्रश्न येथे इतका निकराचा होतो.

शेवट सर्वांना ठाऊक नसतो म्हणून सांगतो. त्याच्या गावचाच एक पदवीधर, सान्सोन कारास्को, त्याला शहाणा करण्यासाठी वेष पालटून बार्सिलोनाच्या समुद्रकाठी त्याचा पराभव करतो आणि वर्षभर घरी बसण्याची अट घालतो. तेथला यजमान कारास्कोलाच दोष देतो की, जगातला सर्वांत गमतीचा वेडा बरा करून तुम्ही साऱ्या जगाचे नुकसान केले. (हाही एक वाचकच. त्याला आपली करमणूक बंद पडल्याचे दुःख.) घरी आल्यावर म्हाताऱ्याला ताप भरतो. तो झोपेतून उठतो तो शहाणा होऊन. मी डॉन क्विक्झोट नव्हे, आलोन्सो किहानो, असे सांगतो आणि मृत्युपत्र करावयास बसतो. आता सांचो रडू लागतो. मरू नका, उठा, आपण धनगर होऊन रानात जाऊ, दुल्सिनेआ एखाद्या झुडपामागे सापडेलही, अशी गयावया करतो. आयुष्यभर धन्याला वस्तुस्थिती सांगणारा हा माणूस आता धन्याला वेडाकडे परत बोलावतो आहे.

हाइने येथे नक्की रडला असेल. पण सर्व्हांटेसने पुढच्याच ओळींत काय लिहिले आहे पाहा. तीन दिवस म्हातारा मरणपंथाला लागलेला असताना घरात धावपळ चालली होती. तरीसुद्धा पुतणी जेवत होती, कारभारीण पेल्याने पेला भिडवीत होती, आणि सांचोही मनातून खुशीत होता, कारण मृत्युपत्रात आपल्या नावे काही निघाले म्हणजे मरणाऱ्याच्या दुःखाची धार थोडी बोथट होते.